नंदादेवी : चढाईचं नंतर बघू, आधी आत कसं शिरायचं ते सांगा

हिमशिखरांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं आणि बहुतेकांनी नंदादेवीचंच नाव काढलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : दादा, एका पुस्तकात भारतातलं सर्वात उंच शिखर कांचनजंगा दिलंय, दुसऱ्यात के-टू, आणि माझे मामा म्हणतात नंदादेवी. परीक्षेत काय लिहू?

उत्तर : परीक्षेत तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकात असेल ते लिहा, मार्क तिथेच आहेत. बाकी तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. के-टू ८६११ मीटर, भारताच्या नकाशात येतं पण तो भाग पाकिस्तानच्या ताब्यात आहे. कांचनजंगा ८५८६ मीटर, पण ते सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर, म्हणजे अर्धं आपलं अर्धं त्यांचं. नंदादेवी ७८१६ मीटर, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, कुठल्याही सीमेवर नाही आणि पूर्णपणे आपल्या ताब्यात, त्यामुळे तो निकष लावला तर मामा जिंकले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर सर्वेवाल्यांनी काही काळ जगातलं सर्वात उंच शिखर म्हणून हिच्याकडेच बोट दाखवलं होतं, मग धौलागिरीची मापं आली, मग कांचनजंगाची, मग एव्हरेस्टची, आणि हिचा नंबर खाली खाली सरकत गेला.

प्रश्न : एव्हरेस्टपेक्षा हजार मीटरने कमी उंचीचं शिखर. तरी पहिला प्रयत्न ते पहिली चढाई यात पन्नासएक वर्षं गेली असं वाचलं. इतकं काय अवघड आहे तिथे?

उत्तर : शिखर अवघड आहेच, पण घोडं अडलं होतं ते शिखरावर नाही, पायथ्याशी. म्हणजे पायथ्याला पोचताच येत नव्हतं हो! आपल्याकडे किल्ल्याला कसा चहूबाजूंनी तट आणि आत जायला एकच महादरवाजा, तसं इथे निसर्गानेच करून ठेवलंय. नंदादेवीच्या भोवती डोंगरांचं एक कडं आहे, जवळजवळ ११० किलोमीटर घेराचं, आणि त्या कड्यावर दुनागिरी (७०६६ मीटर), चांगाबांग, कलंका, हरदेवल, त्रिशूळ (७१२० मीटर) अशी एकाहून एक खतरनाक शिखरं बसलेली. या तटाला सतरा हजार फुटांच्या खाली कुठे खिंडच नाही. फक्त पश्चिमेला एक जागा आहे जिथून आतलं सगळं बर्फाचं पाणी बाहेर पडतं, ती ऋषिगंगेची घळ. आणि ती घळ म्हणजे दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, खाली फेसाळती नदी, काठाने चालावं तर काठच नाही.

१८८३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम नावाचा इंग्रज दोन स्विस साथीदार घेऊन या घळीत शिरायला गेला आणि हात हलवत परत आला. मग टॉम लाँगस्टाफ. हा डॉक्टर माणूस, भलताच चिकट. १९०५ मध्ये त्याने पूर्वेकडून, मिलमच्या बाजूने तटावर चढून बघितलं, ५९१० मीटरवरच्या एका खिंडीपर्यंत पोचला (तिला आज लाँगस्टाफ कोल म्हणतात) आणि तिथून त्याने आतलं दृश्य बघितलं, पण उतरता काही आलं नाही. १९०७ मध्ये पुन्हा आला, आतल्या भागात जायला जमलंच नाही, मग त्याने बाहेरच्या तटावरचं त्रिशूळ मारलं. १२ जून १९०७ ची गोष्ट, सोबत ब्रोशरेल बंधू हे दोन आल्पाईन गाईड आणि करबीर बुढाथोकी हा गुरखा. शेवटच्या दिवशी एका दमात जवळपास सहा हजार फूट चढले, आणि तेव्हापर्यंत माणूस पोचलेलं ते सर्वात उंच शिखर मानलं जातं. करबीरचं नाव बऱ्याच ठिकाणी गाळलेलं असतं म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

पुढे ह्यू रटलेज. हा अल्मोड्याचा डेप्युटी कमिशनर होता, त्यामुळे ऑफिसच्या अंगणातच डोंगर म्हणा ना. त्यानेही वेगवेगळ्या बाजूंनी धडका मारल्या, १९३२ मध्ये दक्षिणेकडून सुंदरढुंगाच्या बाजूने गेला, आणि तिथली बर्फाची भिंत बघून हात टेकले.

आता खरी गंमत. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघं आले. केनियात मळे चालवताना यांची ओळख झालेली. मोठी मोहीम नाही, पैसा नाही, कपड्यांचाही फारसा बडेजाव नाही, सोबत आंग थारके, पासांग आणि कुसांग असे तीन शेर्पा, आणि खायचं काय तर शेर्पा खातील तेच. हे पाच जण ऋषिगंगेच्या घळीत शिरले आणि दिवसच्या दिवस तिथे वाट शोधत बसले. एका कड्यावरून निमुळत्या पट्टीने पुढे जायचं, पट्टी संपली की सामान दोराने खाली सोडायचं, नदी ओलांडून पलीकडे जायचं, तिकडेही वाट बंद झाली की परत अलीकडे. पट्ट्या एकमेकींना कुठेतरी जोडलेल्या होत्या म्हणूनच आत पोचता आलं, एक जरी मधे तुटलेली असती तर सगळाच खटाटोप फुकट. आत पोचले तर काय, हिरवीगार कुरणं, फुलं, माणसाला न घाबरणारे भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या). आतल्या भागाचा नकाशा केला, पावसाळ्यात बाहेर पडले आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा आत शिरून राहिलेलं काम संपवलं, शेवटी दक्षिणेकडच्या सुंदरढुंगा खिंडीतून, म्हणजे जिथे रटलेजने हात टेकले त्याच भिंतीवरून खाली उतरले. शिखरावर पाय ठेवला नाही. तरी माझ्या मते नंदादेवीच्या इतिहासातली सगळ्यात भारी मोहीम हीच. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं.

प्रश्न : १९३६ ला जे दोघं शिखरावर पोचले त्यातला टिलमन हा मुळात जाणारच नव्हता, दुसऱ्याची जागा त्याला मिळाली असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : हो, आणि कारण ऐकून कपाळाला हात लावाल. एक डबा!

१९३६ ची मोहीम ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांची मिळून होती. ब्रिटिशांकडून टिलमन, नोएल ओडेल, ग्रॅहम ब्राऊन, पीटर लॉइड, अमेरिकेकडून चार्ल्स ह्यूस्टन, ॲडम्स कार्टर, आर्थर इमन्स आणि लूमिस. बराच काळ यांना लीडरच नव्हता, पार वर गेल्यावर चिठ्ठ्या टाकून मतदान केलं तेव्हा टिलमनच्या गळ्यात माळ पडली. शेर्पा बहुतेक आजारी पडले, कितार नावाचा अनुभवी शेर्पा तर बेस कॅम्पला आजारपणातच गेला, त्यामुळे वरच्या कॅम्पांवर साहेबांनाच आपली ओझी आपण वाहावी लागली. ऑक्सिजनचे सिलेंडर वगैरे काही नाही.

शेवटच्या चढाईसाठी ओडेल आणि ह्यूस्टन ही जोडी ठरली. दोघं वर तंबू लावून राहिले. रात्री मांसाचा डबा उघडला, तो खराब निघाला आणि ह्यूस्टनला विषबाधा झाली. सकाळी ओडेल वरून खालच्या कॅम्पकडे ओरडला, 'चार्ली इज इल', म्हणजे चार्ली आजारी आहे. पण एवढ्या अंतरावरून, वाऱ्यात, खालच्यांना ऐकू आलं 'चार्ली इज किल्ड'. खालचे लोक हादरले, माणूस गेला असं समजून धावतपळत वर चढले (त्या उंचीवर धावतपळत म्हणजे आपलं कासवासारखं), वर बघतात तर गडी जिवंत, फक्त पोट बिघडलेलं. ह्यूस्टनला खाली नेलं, त्याची जागा टिलमनने घेतली, आणि २९ ऑगस्ट १९३६ ला टिलमन आणि ओडेल शिखरावर पोचले. तिथे दोघांनी एकमेकांशी हात मिळवले, आणि त्या काळच्या इंग्रजांच्या मानाने हे अगदीच भावुक होणं झालं.

अजून एक मजा बघा. हा ओडेल म्हणजे १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या मॅलरी आणि अर्विनला शेवटचं बघणारा माणूस. १९३६ ला एव्हरेस्टची मोहीम गेली त्यात वय जास्त म्हणून याला घेतला नाही, आणि टिलमनला उंची मानवत नाही म्हणून नाकारलेलं. म्हणजे एव्हरेस्टवाल्यांनी नापास केलेले दोघं त्याच वर्षी तोपर्यंतच्या सर्वात उंच सर झालेल्या शिखरावर उभे, आणि तो रेकॉर्ड १९५० ला अन्नपूर्णा सर होईपर्यंत कोणी मोडला नाही. एव्हरेस्टवर याहून उंच लोक जाऊन आले होते, पण शिखर न गाठता.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की नंदादेवीवर जो जातो त्याला देवीचा शाप लागतो, पोलंडच्या चौघांपैकी एकही वाचला नाही. हे खरं की व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी?

उत्तर : घटना बऱ्याचशा खऱ्या आहेत, शाप तुमचा तुम्ही ठरवा.

१९३९ ला चार पोलिश गिर्यारोहक आले, लीडर ॲडम कार्पिन्स्की. त्यांनी मुख्य शिखर नाही तर शेजारचं ७४३४ मीटरचं नंदादेवी ईस्ट धरलं, लाँगस्टाफ कोलवरून, आणि २ जुलैला बुयाक आणि क्लार्नर वर पोचले. त्यानंतर ही मंडळी तिरसुली शिखराकडे वळली, तिथे ॲव्हलांचमध्ये (हिमस्खलनात) कार्पिन्स्की आणि बर्नाद्झिकिएविच दोघं गेले. उरलेले दोघं बाहेर पडतात तोवर युरोपात महायुद्ध. बुयाक १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला बेपत्ता झाला, क्लार्नर १९४९ मध्ये वॉर्सात घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. दोघांचाही पत्ता लागला नाही. अंगावर काटा येतो, मान्य. पण त्या काळातलं पोलंड बघा, किती माणसं अशी गायब झाली, त्यात डोंगराचा हात कुठे?

१९५१ ला फ्रेंच आले. त्यांचा लीडर रॉजे द्युप्ला आणि झिल्बेर विन्ये यांना एका शिखरावरून दुसऱ्यावर मधल्या धारेने जायचं होतं, मुख्य शिखराच्या दिशेने गेले आणि दिसेनासे झाले. त्यांना शोधायला तेनझिंग नोर्गे आणि लुई द्युबो नंदादेवी ईस्टवर चढले. दोन वर्षांनी एव्हरेस्टवर गेलेला तेनझिंग पुढे सांगायचा की आयुष्यातली सगळ्यात अवघड चढाई ती होती. ती दोन शिखरांमधली धार शेवटी १९७६ मध्ये भारत-जपान मोहिमेतल्या दोन जपान्यांनी पार केली.

आणि १९७६ चीच ती दुसरी गोष्ट, मला स्वतःला जी वाचवत नाही. विली अनसोल्ड हा अमेरिकन गिर्यारोहक तरुणपणी हा डोंगर बघून इतका वेडावला की मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं ठरवलं, आणि ठेवलं. नंदादेवी अनसोल्ड. ती २२ वर्षांची असताना बापलेक दोघं एकाच मोहिमेत इथे आले, सहलीडर कोण तर १९३६ च्या टीममधला तोच ॲडम्स कार्टर. १ सप्टेंबरला टीममधले दुसरे तिघं नव्या वाटेने शिखरावर पोचले. नंदादेवी मागून वरच्या कॅम्पवर गेली, पोटाचा त्रास वाढत गेला, हवामान बिघडलं, आणि ८ सप्टेंबरला बापाच्या डोळ्यांदेखत तंबूत गेली. तिला तिथेच डोंगरावर ठेवून बाकीचे उतरले. वडील तीन वर्षांनी अमेरिकेतल्या माउंट रेनियरवर ॲव्हलांचमध्ये गेले.

तसं तर टिलमन-ओडेल शिखरावर होते त्याच २९ ऑगस्टला खाली पिंडर नदीला पूर आला आणि थरालीत चाळीसएक माणसं मेली, तेव्हाही लोक म्हणालेच की देवीला हात लावला म्हणून. ऑगस्टात हिमालयात पूर येतात हो, कोणी चढो न चढो.

प्रश्न : सर, अमेरिकेने नंदादेवीवर अणुबॉम्ब लपवलाय हे कितपत खरं? सरकार दडवतंय का?

उत्तर : बॉम्ब नाही. पण जे आहे तेही काही कमी नाही, आणि दडवायचं म्हणाल तर १९७८ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी लोकसभेत सांगून टाकलंय.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने लोप नोरला पहिली अणुचाचणी केली. तेव्हा आजच्यासारखे उपग्रह नव्हते, मग सीआयए आणि आपलं इंटेलिजन्स ब्युरो यांच्या डोक्यात आलं की हिमालयात खूप उंचावर एक यंत्र ठेवायचं, जे चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे सिग्नल पकडेल. आता शिखरावर वीज कुठून आणणार? तर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा जनरेटर. सगळं मिळून पन्नास-साठ किलोचं ओझं. आपल्याकडून लीडर होते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली, ज्यांच्या टीमने मे १९६५ मध्ये एव्हरेस्टवर नऊ जण चढवले होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये ही टीम चौथ्या कॅम्पपर्यंत पोचली, साधारण चोवीस हजार फूट, आणि हवामानाने दगा दिला. यंत्र घेऊन उतरावं तर माणसं जातील अशी परिस्थिती, मग कोहलींनी सामान तिथेच खडकाला बांधून ठेवलं आणि माणसं खाली आणली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, खुर्चीत बसून नावं ठेवणं सोपं आहे.

१९६६ ला परत गेले तर जनरेटर नाही. ज्या ठिकाणी बांधलेला ती जागाच ॲव्हलांचने साफ केलेली. पुढची दोन-तीन वर्षं शोधमोहिमा झाल्या, काही हाती लागलं नाही. दरम्यान १९६७ मध्ये दुसरं यंत्र शेजारच्या नंदाकोटवर बसवलं, ते थोडे दिवस चाललं, बर्फाने झाकलं गेलं, आणि मग ते परत आणलं. पहिलं अजून तिथेच कुठेतरी आहे.

हे सगळं बाहेर फुटलं १९७८ मध्ये, एका अमेरिकन मासिकातून. संसदेत गदारोळ झाला आणि मोरारजी देसाईंनी उत्तर दिलं की दोन्ही सरकारांच्या वरच्या पातळीवर ठरवून हे केलेलं होतं. शास्त्रज्ञांची समिती नेमली, पाणी तपासलं, किरणोत्सर्गाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून काळजीच नको असं नाही, कारण तिथलं पाणी शेवटी अलकनंदेतून गंगेलाच मिळतं. पण तो जनरेटर बॉम्बसारखा फुटू शकत नाही, एवढं त्या मेसेज पाठवणाऱ्याला नक्की कळवा.

प्रश्न : मग २०२१ चा चमोलीचा पूर याच यंत्रामुळे आला का?

उत्तर : नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला जे तुटलं ते रोंटी शिखराच्या उतारावर, म्हणजे नंदादेवीपासून बरंच पश्चिमेला, यंत्र हरवलं त्या जागेचा संबंध नाही. खडक आणि बर्फ मिळून जवळपास २.७ कोटी घनमीटरचा तुकडा एकदम खाली आला, घसरताना बर्फाचं पाणी झालं आणि त्याने ऋषिगंगेवरचा छोटा वीजप्रकल्प आणि खालचा तपोवनचा प्रकल्प दोन्ही झोडपले. दोनशेच्या वर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, बरेचसे बोगद्यात आणि साईटवर काम करणारे मजूर. रैणी गावातल्या लोकांना पहिल्यांदा यंत्राचीच आठवण झाली यात नवल नाही, पन्नास वर्षं ते ऐकत आलेत. पण त्या अरुंद घळीच्या तोंडाशी प्रकल्प कोणी आणि का बांधले हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, तो मात्र व्हॉट्सॲपवर फिरत नाही.

प्रश्न : आपल्या लोकांनी नंदादेवी कधी सर केली? महिलांपैकी कोणी गेलंय का?

उत्तर : दुसरी चढाईच भारतीयांची. १९६४ मध्ये नरेंद्र कुमार यांच्या टीममधून नवांग गोंबू आणि दावा नोर्बू २० जूनला वर पोचले. गोंबू म्हणजे तेनझिंगचा भाचा, पुढे एव्हरेस्ट दोनदा चढणारा पहिला माणूस. महिलांचं म्हणाल तर १९८१ मध्ये रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल या तिघी शिखरावर गेल्या, लीडर होते बलवंत संधू. यातल्या हर्षवंती बिष्ट २०२१ मध्ये इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. तिघींनी अगदी वेळेत उरकलं, कारण दीड-दोन वर्षांत दार बंद झालं.

प्रश्न : दार का बंद केलं? एव्हरेस्टवर रांगा लागतात आणि इथे पाय ठेवायला बंदी, हा काय न्याय? बंदी उठणार का?

उत्तर : १९७४ मध्ये हा भाग परदेशी मोहिमांना खुला केला आणि लोंढा लागला. प्रत्येक मोहिमेबरोबर शेकडो हमाल, सामान वाहायला शेळ्यामेंढ्यांचे कळप, आणि सगळ्यांची चूल पेटणार कशावर तर तिथल्याच जुनिपरच्या झुडपांवर. कस्तुरीमृगाची शिकार वाढली, कॅम्पच्या जागांवर डब्यांचे ढीग झाले. जिथे १९३४ पर्यंत माणूसच नव्हता तिथे आठ-दहा वर्षांत ही अवस्था! १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, १९८३ पासून गिर्यारोहण, ट्रेकिंग, चराई सगळं बंद. १९८८ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. १९९३ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सची एक तुकडी आत गेली ती मुख्यतः कचरा काढायला, आणि साधारण दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांची टीम जाऊन झाडं-प्राणी किती सावरले ते बघून येते. सावरलेत असंच ते सांगतात.

माझं मत विचाराल तर आतला भाग बंद आहे तेच बरं. पण याची किंमत कोणी मोजली ते बघा. आपण ट्रेकर लोक दुसऱ्या डोंगरावर गेलो, आपलं काय बिघडलं? लाता, रैणी, तोलमा या गावांची चराई गेली, जडीबुटी गेली, हमालीचं उत्पन्न गेलं. हीच रैणी जिथे मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडांना मिठ्या मारून ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या आणि जंगल वाचवलं. ज्यांनी जंगल वाचवलं त्यांनाच जंगलात शिरायला बंदी, मग चिडणार नाहीत तर काय! १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी 'झपटो छीनो' नावाचं आंदोलन केलं आणि सरळ बंद क्षेत्रात शिरले. त्यानंतर २००३ च्या सुमाराला लाताकडून धारांसी खिंडीच्या बाजूची थोडीशी वाट मोजक्या लोकांसाठी उघडली, गावातल्याच गाईडबरोबर जायचं अशा अटीवर. मुख्य शिखर पुन्हा खुलं करायची चर्चा अधूनमधून होते. झालंच तर गाववाल्यांच्या हातात कारभार देऊन आणि वर्षाला एखादीच छोटी टीम, शिप्टनसारखी, याच्या पलीकडे जाऊ नये.

प्रश्न : नंदादेवी राजजात आणि नंदादेवी शिखर यांचा संबंध काय? यात्रा शिखरापर्यंत जाते का?

उत्तर : नाही जात. देवी तीच, गढवाल-कुमाऊं दोन्हीकडची लाडकी, तिची माहेरातून सासरी पाठवणी म्हणजे ही यात्रा. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावातून निघते, साधारण बारा वर्षांनी, पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो, रूपकुंडावरून होमकुंडापर्यंत जाते आणि तिथे मेंढ्याला पुढे सोडून देतात. अंतर २८० किलोमीटरच्या आसपास. २०१४ ला झाली तेव्हा प्रचंड गर्दी होती. होमकुंड त्रिशूळ आणि नंदाघुंटीच्या पायथ्याशी, म्हणजे तटाच्या बाहेरच. बायका पाठवणीची गाणी म्हणताना खरोखर रडतात.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, दोन-तीन हिमालयन ट्रेक झालेत. परमिट नको, टेक्निकल काही नको, फक्त नंदादेवी जवळून बघायची आहे. कुठून?

उत्तर : परमिट नको असेल तर जवळून हा शब्द विसरा. लांबून बघायला औली सगळ्यात सोपं, जोशीमठच्या वरती, तिथून वायव्येची बाजू मस्त दिसते. कौसानी आणि बिनसरहून दक्षिणेची बाजू, त्रिशूळ आणि नंदाकोटसकट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असते.

थोडा कागदपत्रांचा त्रास घ्यायची तयारी असेल तर पूर्वेकडचा नंदादेवी ईस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करा, मी तुमच्या जागी असतो तर हाच केला असता. मुन्स्यारीहून गोरीगंगेच्या काठाने लीलम, बुगड्यार करत मार्तोलीला जायचं. मार्तोली हे भोटिया लोकांचं जुनं व्यापारी गाव, तिबेटचा व्यापार १९६२ नंतर थांबला आणि बहुतेक घरं पडली, वर नंदादेवीचं देऊळ आहे, तिथून ईस्टचं शिखर समोर दिसतं. मग लवान गाडच्या खोऱ्याने बेस कॅम्प. इनर लाइन परमिट (सीमाभागात जायची परवानगी) लागतं, ओळखपत्रांच्या कॉपी जास्तीच्या ठेवा. बेस कॅम्पवरून लाँगस्टाफ कोल वर दिसते, तिकडे मात्र उगाच जोशात जाऊ नका. मे २०१९ मध्ये याच खोऱ्यातून गेलेली आठ जणांची टीम, ब्रिटिश गाईड मार्टिन मोरान लीडर, जवळच्या एका बिननावाच्या शिखरावर ॲव्हलांचमध्ये गेली. आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवानांनी सात जणांचे मृतदेह काढले, आठवा सापडला नाही. ईस्टवर खरोखर चढायचंच असेल तर ते अजून खुलं आहे, इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी काढावी लागते. दोन-तीन ट्रेकच्या अनुभवावर तो विचार करू नका, आधी माउंटेनिअरिंगचा बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स करा आणि सहा-साडेसहा हजार मीटरची एक-दोन शिखरं करून मग मला लिहा.